चिमणी, टॉवर आणि कुंभाराचं गाढव

(मनमाड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आज आपण एका सिनेमातल्या वादाबद्दल बोलणार आहोत. सिनेमा तमिळ, पण हिंदी आवृत्तीमुळे आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिलेला. दिग्दर्शक शंकर यांचा ‘२.०’. तो २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. २०१० साली आलेल्या ‘एंदिरन’चा, म्हणजे हिंदीत आपण ज्याला ‘रोबोट’ म्हणून ओळखतो त्याचा, हा पुढचा भाग. नायक रजनीकांत, मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातले. म्हणजे लांबून का होईना, आपलेच. समोर अक्षयकुमार, पक्षिराजन नावाच्या वृद्ध पक्षितज्ज्ञाच्या भूमिकेत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. एके दिवशी शहरातल्या लोकांच्या हातातले मोबाइल उडून जायला लागतात. मग मोबाइलच्या धंद्याशी संबंधित माणसं एकेक करून मारली जातात, आणि मारणारे असतात त्याच मोबाइलांचे थवे. डॉ. वसीगरन हा शास्त्रज्ञ मागच्या भागात मोडीत निघालेला आपला यंत्रमानव चिट्टी पुन्हा जोडतो. पुढे उलगडा होतो तो असा. पक्षिराजनने आयुष्यभर पक्षी सांभाळले. टॉवरच्या लहरींनी ते मरताहेत असं त्याचं म्हणणं. तो कंपन्यांकडे गेला, मंत्र्याकडे गेला, कोर्टात गेला. कुणी ऐकलं नाही. शेवटी एका टॉवरलाच त्याने गळफास घेतला. त्याची आणि मेलेल्या पक्ष्यांची ऊर्जा एकवटून हा सूड चालला आहे. मग लढाई, आणखी लढाई, आणि शेवटी पक्षिराजन हरतो. पण वसीगरन जाता जाता सांगतो की मार्ग चुकला तरी त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

आपला आजचा प्रश्न इथेच आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं का? आणि ते बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

हा प्रश्न चेन्नईपुरता नाही बरं का. चिमणीसाठी जगभर एक दिवस पाळला जातो, २० मार्च. तो पहिल्यांदा २०१० मध्ये पाळला गेला, आणि त्यामागचा पुढाकार आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ यांचा. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. तो मान मिळालेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. म्हणजे पाखरांची काळजी ही आपल्या जिल्ह्याची जुनी काळजी आहे. आणि ‘टॉवर आले नि चिमण्या गेल्या’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल, ते ज्याने त्याने आठवावं. सिनेमाने ते वाक्य जन्माला घातलं नाही. लोकांच्या तोंडी होतंच, त्याला त्याने पंख दिले.

आता वाद कसा पेटला ते पाहू. सिनेमा लागायच्या एक-दोन दिवस आधी मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने, सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडियाने, सेन्सॉर बोर्डाकडे आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे तक्रार केली. मोबाइल आणि टॉवर माणसांना व पक्ष्यांना घातक आहेत असं खोटं चित्र हा सिनेमा रंगवतो, विज्ञानविरोधी वृत्ती पसरवतो, तेव्हा त्याचं प्रमाणपत्र मागे घ्या, अशी ती मागणी. सिनेमा ठरल्या दिवशी लागलाच. पण वाद सुरू झाला आणि दोन तट पडले. एक म्हणे, कंपन्यांना झोंबलं याचा अर्थ खरं आहे. दुसरा म्हणे, भुताखेतांच्या सिनेमातून विज्ञान काय शिकायचं? आमच्या मते दोघांनीही मूळ प्रश्नाला हात घातला नाही. कंपनीला झोंबलं म्हणून एखादं विधान खरं ठरत नाही, आणि भुताच्या तोंडी आलं म्हणून खोटंही ठरत नाही.

इथे पहिल्या भागाची आठवण ठेवायला हवी. ‘एंदिरन’च्या शेवटी न्यायालयाच्या आदेशावरून चिट्टी स्वतःचे भाग स्वतःच सुटे करतो. पुढे तो संग्रहालयात ठेवलेला असतो. शाळेतली एक मुलगी विचारते, याला का मोडलं? चिट्टीचं उत्तर असं की मी विचार करायला लागलो म्हणून. व्यावसायिक सिनेमाच्या शेवटी इतका तात्त्विक प्रश्न क्वचित येतो. विचार करणं हा गुन्हा कधी ठरतो? विचार आणि वासना यांत फरक काय? यंत्राला जबाबदारी असते का? पुढच्या भागाने हा धागा उचलला असता तर काय बहार आली असती! पण ‘२.०’मध्ये गंमत अशी झाली की यंत्रही विचार करत नाही आणि शास्त्रज्ञही. माणसाभोवतीचं ऊर्जावलय मोजणारा वसीगरन पक्षिराजनचा दावा एकदाही तपासत नाही. एक पिंजरा, एक लहरींचा उगम, दोन चिमण्या, एवढंसुद्धा नाही. त्याला दुःख दिसतं, आणि दुःख खरं आहे म्हणून त्या दुःखाने सांगितलेलं कारणही तो खरं मानतो. आमचा या कथेवरचा मुख्य आक्षेप हा आहे.

आपल्याकडे म्हण आहे ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडलं. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. नैयायिकांनी त्याचं शास्त्र केलं. अन्वय म्हणजे हे असेल तिथे ते असतं. व्यतिरेक म्हणजे हे नसेल तिथे ते नसतं. दोन्ही जुळल्याशिवाय कारण म्हणायचं नाही. आणि त्याहून सूक्ष्म एक कल्पना आहे, अन्यथासिद्ध. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त तिचे पाच प्रकार येतात, त्यातलं एक उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. घडा तयार व्हायच्या आधी गाढव दारात होतं, मातीही त्यानेच वाहून आणली. मग ते घड्याचं कारण का नाही? कारण माती दुसऱ्या कशावरून आणली असती तरी घडा झालाच असता. माती, चाक, दंड, कुंभार ही कारणं. गाढव नेहमी आसपास दिसतं, एवढंच.

आता चिमणीच्या बाबतीत टॉवर म्हणजे माती की गाढव, हे पाहू.

व्यतिरेकापासून सुरुवात करू. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घट १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदली गेली आहे. तिथली मोबाइल सेवा सुरू झाली १९८५ च्या जानेवारीत. म्हणजे टॉवर नव्हते तेव्हाच घट सुरू झाली होती. २००० साली ‘द इंडिपेंडंट’ या वृत्तपत्राने चिमण्या का गेल्या याचं पटणारं शास्त्रीय उत्तर देणाऱ्याला ५,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं, इतकं ते कोडं होतं. २००२ मध्ये चिमणी तिथल्या लाल यादीत गेली. आणखी मागे जा. १९२० च्या सुमारास पाश्चात्त्य शहरांतून घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या, आणि चिमण्या कमी झाल्याचं तेव्हाच्या निरीक्षकांनी लिहून ठेवलं. घोड्यांच्या चंदीतलं सांडलेलं धान्य संपलं, हे त्याचं उत्तर. मोटारीच्या हॉर्नला कुणी दोष दिला असता तर तोही काळ जुळला म्हणून पटला असता.

आता अन्वय. इथे मात्र पक्षिराजनच्या बाजूनेही काही आहे, आणि ते लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. २००७ मध्ये स्पेनमधल्या व्हायादोलिद शहरातला आणि बेल्जियममधला असे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. जिथे लहरींची तीव्रता जास्त, तिथे चिमण्या कमी, असं दोन्हींत आढळलं. मग झालं की सिद्ध! थांबा. जिथे टॉवर दाट, तिथे वस्ती दाट, काँक्रीट दाट, झाडोरा विरळ, मोकळी जमीन कमी. या सगळ्यांतून टॉवर वेगळा कसा काढायचा? गाढव आणि माती एकाच वेळी दारात आली आहेत. अशा वेळी निष्कर्ष एवढाच निघतो की तपास पुढे न्यायला हवा.

आपल्या सरकारनेही प्रश्न टाळला नाही. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. अध्यक्ष होते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक डॉ. असद रहमानी. समितीने नऊशेहून अधिक शोधनिबंध चाळले. त्यांतले बहुतेक माणसांवरचे; पक्ष्यांवरचे फार थोडे. समितीने सावधगिरीच्या शिफारशी केल्या आणि भारतातल्या पक्ष्यांवर अभ्यास व्हायला हवेत असं सांगितलं. पुढे १ सप्टेंबर २०१२ पासून देशात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. सावधगिरी म्हणून हे योग्यच. कारण सिद्ध व्हायच्या आधी सावध राहता येतं. सावध राहिलो म्हणजे कारण सिद्ध झालं, असं मात्र समजू नये.

मग २०२० चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल. सुमारे १५,५०० पक्षीनिरीक्षकांच्या १ कोटीहून अधिक नोंदींवर तो उभा आहे. तो काय सांगतो? देशाचा एकूण विचार केला तर चिमणी जवळजवळ स्थिर आहे. घट आहे ती मोठ्या महानगरांत. संभाव्य कारणं म्हणून कीटकांची घट आणि घरट्यांच्या जागांची टंचाई यांचा उल्लेख तो करतो. मोबाइल टॉवरला जबाबदार धरावं असा ठोस पुरावा नाही, असंही नोंदवतो. देशभर टॉवर पसरले, खेड्यापाड्यांत, डोंगरावर, रेल्वेमार्गालगत. तरी चिमणी देशभर कोसळली नाही.

मग माती कोणती? मनमाडकरांना ती शोधायला लांब जायला नको. आपल्याकडची जुनी घरं आठवा. धाब्याची, कौलांची. भिंतीत कोनाडे, वळचणीला पोकळी, माजघरात तिरक्या टांगलेल्या फोटोमागे घरटं ठरलेलं. अंगणात बायका सुपाने धान्य पाखडायच्या, कण्या आणि किडे बाहेर पडायचे, चिमण्या त्यावर तुटून पडायच्या. आता स्लॅबच्या घराला वळचण नाही, फोटो भिंतीला चपटा बसतो, आणि पीठ पिशवीतून येतं. या गावात तर अन्न महामंडळाची गोदामं आहेत, धान्याच्या वाघिणी येतात. मोठ्या चिमणीला पोटापुरतं इथे मिळेलही. पण पिल्लाला धान्य चालत नाही. पहिले काही दिवस त्याला अळ्या, मावा, कोळी असं मऊ खाणं लागतं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात यावर काम झालं. जिथे कीटक कमी, तिथे पिल्लं उपासमारीने मरत असल्याचं दिसलं. अंगणाला फरशी घातली, कुंपणाची मेंदी काढून भिंत बांधली, फवारणी केली, की अळी जाते, आणि अळीबरोबर पिल्लू जातं. हे सगळं कुणी खलनायकाने केलेलं नाही. आपणच केलं, घर नीटनेटकं व्हावं म्हणून.

म्हणून खलनायक शोधण्यात एक सोय असते. टॉवरला शिवी घातली की फरशीकडे बघावं लागत नाही.

खरं कारण कसं सापडतं याचं एक उदाहरण आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर राहणाऱ्या पक्ष्याचं आहे. गिधाड. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं कोसळली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आधी संशय होता एखाद्या विषाणूवर. कीटकनाशकांवरही होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेलं काम प्रसिद्ध झालं. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती. त्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडलं. गुराढोरांना दुखण्यावर देतात ते औषध. ज्या गिधाडांची मूत्रपिंडं तशी बिघडलेली नव्हती, त्यांच्यात ते नव्हतं. औषध दिलेल्या जनावराचं मांस खायला घातल्यावर गिधाडं तशीच मेली. अन्वय जुळला, व्यतिरेक जुळला. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हा पर्याय होता. आता विचार करा, त्या वेळी कुणी जोरदार सिनेमा काढून विषाणूला किंवा दुसऱ्याच कुणाला दोषी ठरवलं असतं आणि सगळे तिकडे धावले असते, तर? दिवस वाया गेले असते आणि उरलेली गिधाडंही गेली असती. चुकीच्या कारणाची किंमत पाखरं भरतात.

आणि लहरींचा पक्ष्यांवर काहीच परिणाम होत नाही, असं तरी म्हणता येतं का? तेही नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात स्थलांतर करणाऱ्या रॉबिन पक्ष्यांना विद्यापीठाच्या आवारात दिशाच सापडेना. लाकडी खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, तेव्हा पक्ष्यांचं चुंबकीय होकायंत्र पुन्हा चालू झालं. शहराबाहेर नेल्यावर पत्र्याशिवायही चाललं. अनेक वर्षं हे प्रयोग झाले, नोंदणाऱ्याला कोणता पक्षी कोणत्या स्थितीत आहे हे कळू न देता झाले, आणि २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. पण त्रास देणाऱ्या लहरी कोणत्या निघाल्या? साधारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ. म्हणजे विजेच्या उपकरणांचा गोंगाट आणि मध्यम लहरींचा रेडिओ. मोबाइलच्या लहरी त्याच्या कितीतरी वर, शेकडो मेगाहर्ट्झच्या पुढे. पक्षिराजनच्या हाती हा प्रयोग असता तर त्याला मोबाइलऐवजी लोकांचे जुने ट्रान्झिस्टर उडवावे लागले असते! हसू येतं खरं. पण मुद्दा हा की निसर्ग आपल्या रागाप्रमाणे उत्तर देत नाही.

तारेचं तसंच. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांसाठी अभयारण्य केलं, आणि आज तिथे माळढोक दिसणं दुर्मिळ झालं आहे. सगळ्या देशात तो दीडशेच्या आसपास उरला असा अंदाज दिला जातो. राजस्थान-गुजरातेत त्याला मारणाऱ्या कारणांत विजेच्या तारा आहेत. कशा? अदृश्य किरणांनी नाही. पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि तो तारेवर आदळतो. यावर सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचे आदेश झाले, २०२४ मध्ये ते बदलून तज्ज्ञांची समिती आली. पक्षिराजन कोर्टात हरला. इथे कोर्टाने ऐकून घेतलं, कारण तारेखाली पडलेला पक्षी दाखवता येत होता.

उलट बाजूचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १९५८ मध्ये चीनने चार उपद्रवी प्राण्यांविरुद्ध मोहीम काढली. त्यात चिमणी होती, कारण ती धान्य खाते. लोकांनी थाळ्या वाजवून चिमण्या दमवून मारल्या. नंतर कळलं की ती किडेही खाते. १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घातला. त्या काळच्या भीषण दुष्काळाला पुष्कळ कारणं होती, चिमण्यांवर सगळा भार टाकणं हेही काकतालीयच होईल. पण गुन्हेगार आधी ठरवून तपास नंतर करणाऱ्यांचा हा नमुना लक्षात ठेवावा. तिथे गुन्हेगार चिमणी ठरली, इथे टॉवर ठरला. चौकशी दोन्हीकडे राहिली.

कुणी म्हणेल, अहो, सिनेमा आहे तो, शोधनिबंध नव्हे. मान्य. भूत चालेल, मोबाइलचा गरुड चालेल. १९५४ चा जपानी ‘गोजिरा’ घ्या. अणुस्फोटाने जागा झालेला तो राक्षस विज्ञानात कुठेच बसत नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती आणि माणसं आजारी झाली होती. राक्षस कल्पित, कारण खरं. ‘२.०’मध्ये उलट झालं. दुःख खरं, पक्ष्यांचं जाणं खरं, पक्षिराजनची घडण तर सालीम अलींवरून झाली असं सांगितलं गेलं. फक्त कारण तपासलेलं नाही. सालीम अलींनी पोरवयात एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी हातात घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारलं होतं, ही कोणती? तिथून त्यांचं पक्षिशास्त्र सुरू झालं. त्यांच्यावरून बेतलेल्या पात्राला सिनेमाने सूड दिला. तो विचारण्याचा स्वभाव दिला नाही.

आणि कंपन्यांचं? त्यांनी प्रमाणपत्र रद्द करा म्हणण्याऐवजी स्वतंत्र संशोधनाला पैसा दिला असता, आकडे खुले ठेवले असते, तर ते विज्ञानाच्या बाजूचे ठरले असते. विज्ञानाचं नाव घेऊन तोंड बंद करायला सांगणं, ही वृत्तीही विज्ञानाची नाही.

तेव्हा मंडळी, एक काम देतो आणि थांबतो. आपल्या गल्लीत, स्टेशनच्या आवारात, गोदामांकडे, अंकाई-टंकाईच्या पायथ्याच्या वाडीत, महिन्यातून एकदा ठरल्या वेळी पंधरा मिनिटं चिमण्या मोजा. वहीत पाच रकाने करा : चिमण्या किती, घरट्याला जागा आहे का, झुडपं आहेत का, सांडलेलं धान्य आहे का, आणि टॉवर किती जवळ आहे. टॉवरचा रकाना गाळू नका. आमचं म्हणणं खोटं ठरायचं असेल तर ते त्याच रकान्यातून ठरेल. दोन-तीन वर्षांनी त्या वह्या शेजारी शेजारी ठेवू आणि मग माती कोणती, गाढव कोणतं, यावर पुन्हा वाद घालू.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.